वखारीला गाड्या किती लागतात?

घरांत लग्नकार्य निघालें कीं वाढपी किती हवेत, हा प्रश्न पहिल्याच बैठकींत उपस्थित होतो. पांचशें पानें होणार म्हणून पन्नास वाढपी बोलवावेत असें कोणी म्हटल्यास घरांतील जाणतीं माणसें हंसतात. पांचशें पानें एकदम मांडावयाचीं नसतात. पंगत शंभराची असते. वाढप्यांची संख्या एकूण पानांवर ठरत नाहीं. एका पंगतीला किती पानें, ती पंगत किती वेळांत उठवावयाची, आणि भाताचें पातेलें घेऊन निघालेला मनुष्य शेवटच्या पानापर्यंत जाऊन पुन्हां स्वयंपाकघरांत यावयास किती वेळ घेतो, यांवर ती ठरते. शिवाय स्वयंपाकघराचें दार अरुंद असेल तर वाढपी वाढवून उपयोग होत नाहीं. ते दारांतच एकमेकांवर आदळतात.

लातूर किंवा नांदेड येथील मोठ्या वखारींत पोतीं वाहून नेण्यास हातगाड्या किती, हमाल किती, उचलयंत्रें किती, हें ठरविण्याचा हिशेब मुळांत याहून निराळा नाहीं. निराळें इतकेंच कीं, पंगतींत वरण उशिरां आलें तर फार तर कोणी रुसतो. वखारींत गाडी उशिरां आली तर शेतकऱ्याचा माल उघड्यावर पडून राहतो, आणि आश्विनांतील परतीचा पाऊस कोणाची वाट पाहत नाहीं.

माल उचलून दुसरीकडे ठेवण्याचा प्रश्न या दोन्ही शहरांना नवा नाहीं. लातूरला आगगाडी आली ती १९११ सालीं, आणि तीहि अडीच फूट रुंदीच्या रुळांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें उभारलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा तो फांटा होता. नांदेडला विसाव्या शतकाच्या आरंभीं जी गाडी आली ती मीटरमापी होती. मनमाडहून सिकंदराबादला जाणारा तो निजामाच्या राज्यांतील मार्ग. मुंबईकडे जाणारी मोठी गाडी रुंदमापी. परिणाम असा कीं, लातूरचें पोतें कुर्डुवाडीस आणि नांदेडचें पोतें मनमाडास एका डब्यांतून काढून दुसऱ्या डब्यांत भरावें लागे. मराठवाड्याचा कापूस आणि धान्य वर्षानुवर्षें अशा रीतीनें दोनदां उचललें गेलें. लातूरची वाट रुंदमापी होऊन कुर्डुवाडीस थेट जोडली गेली ती २००८ सालीं. अर्थात् दोन वाहनांच्या मधली ती चार हातांची जागा किती वेळ खाते, याचा अनुभव या भागांतील व्यापाऱ्यांच्या तीन पिढ्यांनी घेतला आहे.

आतां वखारीकडे वळूं. स्वातंत्र्यानंतर ए. डी. गोरवाला यांच्या समितीनें ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याला माल साठविण्यास सुरक्षित जागा आणि त्या मालाच्या पावतीवर कर्ज मिळावें, ही त्यांतील एक मुख्य सूचना. तीवरून १९५६ चा कायदा झाला, आणि १९५७ सालीं केंद्राचें व त्या वेळच्या मुंबई राज्याचें अशीं वखार महामंडळें स्थापन झालीं. तेव्हांपासून वखार म्हटली कीं तिची ‘क्षमता’ सांगण्याचा प्रघात पडला आहे: अमुक हजार टन. हा आंकडा खोटा नसतो. परंतु तो भांड्यांत पाणी किती मावतें हें सांगतो, नळाची तोटी केवढी हें सांगत नाहीं. पांच हजार टनांच्या वखारीला किती गाड्या लागतात, या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाहीं. त्या वखारींत वर्षभर एकच माल निजून असेल तर दोन गाड्याहि पुष्कळ झाल्या. रोज तीनशें टन येत-जात असतील तर गोष्ट वेगळी.

लातूरचीच एक कल्पित वखार घेऊं. आंकडे समजुतीपुरते आहेत; ज्याच्या त्याच्या वखारींत ते ज्यानें त्यानें घालावयाचे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस, सोयाबीनची भर आवक. एका दिवसांत पन्नास किलोचे सहा हजार कट्टे आंत घ्यावयाचे आहेत, म्हणजे तीनशें टन. काम दहा तास चालतें. दोन चाकांच्या लोखंडी हातगाडीवर एका खेपेस चार कट्टे बसतात. कारकुनानें भागाकार केला: तासाला सहाशें कट्टे, म्हणजे दीडशें खेपा. एका खेपेस चार मिनिटें लागतात, तेव्हां एक गाडी तासांत पंधरा खेपा करील. दहा गाड्या पुरे. कागदावर हा हिशेब निर्दोष आहे, आणि पहिल्याच दिवशीं दुपारीं अडीच वाजतां तो कोलमडतो.

कोलमडतो याचें कारण बाजाराच्या दिनक्रमांत आहे. सकाळीं माल उतरतो, मग सौदे होतात, मग वजनें, मग बारदानाची शिलाई. आणि हें सर्व झाल्यावर वखारीकडे जी रीघ लागते ती एकदम लागते. समजा, दिवसाच्या मालापैकीं साठ टक्के माल दुपारीं दोन ते पांच या तीन तासांत येतो. म्हणजे छत्तीसशें कट्टे तीन तासांत, तासाला बाराशें, अर्थात् तीनशें खेपा. सरासरीच्या दुप्पट! गाड्या वीस झाल्या.

एवढ्यावरहि भागत नाहीं. हातगाडी ढकलणारा मनुष्य तासाचीं साठही मिनिटें ढकलीत नाहीं. त्यानें ढकलावी अशी अपेक्षा करणेंहि बरें नव्हे. पाणी पिणें, घाम पुसणें, पावतीवर अंगठा किंवा सही, कोणत्या थप्पीला जावयाचें याची विचारपूस, यांत तासाचा चौथा भाग सहज जातो. उरलीं पंचेचाळीस मिनिटें. तीनशें खेपांना चार मिनिटांनीं गुणून पंचेचाळिसांनीं भागलें कीं सुमारे सत्तावीस येतात. त्यांत चाक निखळलेल्या, धांव झिजलेल्या गाड्यांच्या बदलीस तीन राखीव धरल्या म्हणजे तीस. कारकुनाचे दहा आणि फाटकावरचे तीस यांत जो फरक आहे तोच या विषयाचा गाभा आहे, आणि त्यांत अवघड गणित कोठेंहि नाहीं: गर्दीच्या तासांतील खेपा, एका खेपेचा खरा वेळ, आणि तासांतील खरीं कामाचीं मिनिटें, इतकेंच.

यांपैकीं खेपेच्या वेळाबद्दल थोडें अधिक सांगितलें पाहिजे. बहुतेकांची फसगत तेथेंच होते. खेप म्हणजे भरलेल्या गाडीचें चालणें, अशी समजूत असते. वस्तुतः चार मिनिटांच्या खेपेंत भरलेली गाडी चालते ती मिनिटभर. गाडीवर कट्टे चढविणें, थप्पीपाशीं ते उतरविणें, रिकामें परत येणें आणि दारापाशीं पुढची गाडी हलेपर्यंत उभें राहणें यांत बाकीचा वेळ जातो. त्यामुळें वेगवान गाडी आणून फारसा लाभ होत नाहीं. थप्पी दाराच्या जवळ असली तर पुष्कळ होतो. जो माल चार दिवसांत पुन्हां बाहेर जाणार तो दारापाशीं आणि जो सहा महिने राहणार तो मागच्या भिंतीकडे ठेवावा, एवढ्या व्यवस्थेनें पांच-सहा गाड्या वांचतात. कोठीची खोली नीट लावणाऱ्या गृहिणीस हें शिकवावें लागत नाहीं. रोजची डाळ पुढें आणि वर्षाचें तिखट मागें. वखारींत मात्र जागा मिळेल तेथें थप्पी लागते, आणि मग वर्षभर हमालांच्या पायांनीं तिची किंमत द्यावी लागते.

उभें राहण्याचा वेळ हा सर्वांत फसवा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करणाऱ्या एरलांग नांवाच्या गणितज्ञानें १९०९ सालीं या प्रश्नाचें शास्त्र सुरू केलें. तारा किती ठेवाव्या म्हणजे बोलणाऱ्यांस फार वेळ थांबावें लागणार नाहीं, हा त्याचा प्रश्न होता. त्याच शास्त्राचा एक निष्कर्ष मोठा विलक्षण आहे. वखारीच्या फाटकावर एकच वजनकाटा आहे, ट्रॉल्या मनाला येईल तेव्हां येतात, आणि एका वजनाला सरासरी पांच मिनिटें लागतात, कधीं थोडीं कधीं फार, असें समजा. काटा निम्मा वेळ गुंतलेला असेल तर येणाऱ्यास सरासरीनें पांच मिनिटें थांबावें लागतें. दहांतील आठ भाग गुंतलेला असेल तर वीस मिनिटें. नऊ भाग गुंतलेला असेल तर पंचेचाळीस! काम वाढतें थोडेंसें. थांबणें वाढतें दुपटीहून अधिक. मालकाला वाटतें, काटा दहांतील नऊ भाग चालू आहे, म्हणजे पैशाचें चीज झालें. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग कां लागली आहे हें त्याला उमगत नाहीं. तो ट्रॅक्टरवाल्यांच्या बेशिस्तीला दोष देतो.

मग यंत्र आणावें काय? पुढें लोखंडी जिभा असलेलें, लाकडी तराफ्यासकट माल उचलणारें जें फोर्कलिफ्ट यंत्र आज सर्वत्र दिसतें, त्याचे पूर्वज पहिल्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील कारखान्यांत निघाले, आणि तराफ्यावर माल रचून ठेवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धांत लष्करी पुरवठ्यामुळें जगभर पसरली. या तराफ्याला पॅलेट म्हणतात. एका पॅलेटवर वीस कट्टे, म्हणजे एक टन बसला असें धरूं. आपल्या लातूरच्या वखारींत तासाला बाराशें कट्टे, म्हणजे साठ पॅलेटें. एका खेपेस तीन मिनिटें; त्याच रीतीनें गुणून भागलें तर यंत्रें चार, आणि एक राखीव. तिसांच्या जागीं पांच. हें ऐकून कोणाचेंहि मन लगेच यंत्राकडे धांवेल.

परंतु ते वीस कट्टे पॅलेटवर कोणी रचले? ट्रॉलींतून एकेक कट्टा उतरवून पॅलेटवर मांडावयाचा तर तें हातानेंच करावें लागतें. दोघांची जोडी दहा सेकंदांत एक कट्टा उचलते असें धरलें आणि पंचेचाळीस मिनिटांचाच तास मोजला, तर एका जोडीचे तासाला दोनशें सत्तर कट्टे होतात; बाराशेंना पांच जोड्या, म्हणजे दहा माणसें लागतातच. यंत्रानें चालणें वाचविलें, उचलणें वाचविलें नाहीं. शिवाय यंत्राला वळावयास साडेतीन ते चार मीटर रुंदीची वाट लागते, आणि ती वाट थप्पीच्या जागेंतूनच कापून द्यावी लागते. जमीन सपाट व पक्की हवी. जुन्या वखारींची फरशी या जडभार चाकांखालीं टिकेलच असें नाहीं. धान्याची थप्पी तीस फूट लांब व वीस फूट रुंद लावावी, तिच्याखालीं लाकडी फळ्यांचा थर असावा, भिंतीपासून ती दूर असावी म्हणजे कीडनाशक धुरी देतां येते, अशी जी जुनी वहिवाट आहे ती माणसाच्या पाठीवरून पोतीं रचण्याच्या काळांतील आहे. यंत्र आणावयाचें तर वखारीचा सगळा नकाशाच बदलावा लागतो. जेथें पोतें न फोडतां, न हलवितां तराफ्यासकट ट्रकांत जातें, तेथें हा खर्च फिटतो. जेथें तें दोन्ही टोकांस हातानेंच चढावयाचें-उतरावयाचें आहे, तेथें सरकत्या पट्ट्याचें साधें यंत्र पुष्कळदां अधिक कामास येतें.

सोयाबीनच्या बाबतींत आणखी एक पथ्य आहे, आणि खेपांच्या हिशेबांत तें कोठेंच दिसत नाहीं. सोयाबीनची साल फार पातळ असते. पोतें उंचावरून आदळलें तर दाणा दिसावयास धड राहतो, पण त्याची उगवणशक्ति कमी होते. मराठवाड्यांतील अनेक शेतकरी घरचेंच बियाणें पेरतात. म्हणून बियाण्याची थप्पी उंच लावावयाची नसते आणि पोतें टाकावयाचें नसतें, ठेवावयाचें असतें. ठेवण्यास टाकण्यापेक्षां वेळ अधिक लागतो. खेपेला चार मिनिटांऐवजीं पांच धरलीं तर गाड्या सत्तावीस नव्हे, चौतीस लागतील. हा वाढावा कोणी मंजूर केला नाहीं, तर पोतीं टाकलीं जातील आणि नुकसान पुढल्या मृगांत कळेल.

नांदेडकडे प्रश्नाचें रूप बदलतें. तेथील नव्या मोंढ्यांत हळद, कापूस, सोयाबीन यांचा व्यापार मोठा आहे. परंतु वखारींची खरी कसोटी लागते ती रेल्वेच्या मालधक्क्यावर खताची गाडी येते तेव्हां. समजा, गाडींत सव्वीसशें टन युरिया आहे. २०१८ पासून युरियाची गोणी पन्नास किलोऐवजीं पंचेचाळीस किलोची झाली. म्हणजे जवळजवळ अठ्ठावन्न हजार गोण्या. डबे रिकामे करावयास रेल्वे ठरावीक तास देते. त्यापुढें डबे अडवून ठेवल्याचा दंड लागतो. आपण नऊ तास धरूं, आणि सर्व माल थेट वखारींत न्यावयाचा असें ठरवूं. दहा टनांच्या ट्रकाला दोनशें साठ खेपा. भरणें चाळीस मिनिटें, जाणें वीस, उतरविणें चाळीस, येणें वीस. दोन तासांची एक खेप. नऊ तासांत एका ट्रकाच्या चारच खेपा पुऱ्या होतात. तेव्हां पासष्ट ट्रक हवेत. इतके ट्रक भाड्यानें जमविणें कठीण, पण अशक्य नव्हे.

येथेंच बहुतेक लोक हिशेब थांबवितात. वखारीच्या दाराचें काय? तासाला सुमारे एकोणतीस ट्रक येणार आणि प्रत्येक चाळीस मिनिटें दारापाशीं उभा राहणार. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकानें १९६१ सालीं एक नियम सिद्ध करून दाखविला: येण्याच्या वेगास थांबण्याच्या वेळानें गुणलें कीं आंत एका वेळीं किती असतील तें कळतें. एकोणतीस गुणिले दोन-तृतीयांश, म्हणजे एकोणीसहून थोडे अधिक. ट्रक लावावयास वीस जागा पाहिजेत. वखारीला दारें आठच असलीं तर तासाला बाराच ट्रक रिकामे होतील आणि नऊ तासांचें काम जवळजवळ बावीस तासांवर जाईल. अशा वेळीं आणखी दहा ट्रक मागविले तर माल एका क्षणानेंहि लवकर आंत जात नाहीं. रांग मात्र दहा ट्रकांनीं लांबते. म्हणून व्यवहारांत जाणते ठेकेदार गोण्या आधीं फलाटावर उतरवून थप्पी लावतात. डबा मोकळा करण्याची मुदत वेगळी आणि फलाट मोकळा करण्याची वेगळी असते. त्या दोहोंमधील सवड ते वापरतात. गोणी एकदां अधिक उचलावी लागते, पण दंडापेक्षां ती हमाली स्वस्त पडते. कुर्डुवाडी आणि मनमाडची जुनी रीत ही अशी परत येते.

लातूरकरांस याचें आणखी एक उदाहरण आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातुरास आली, तेव्हां तिला दहाच डबे होते आणि प्रत्येकांत पन्नास हजार लिटर पाणी. पुढें पन्नास डब्यांच्या गाड्या येऊं लागल्या. सर्वांचें लक्ष डब्यांकडे होतें. परंतु मिरजेस डबे भरणारे नळ आणि लातुरास ते उपसणारे पंप यांचा वेग पुरेसा नसता, तर डबे पांचपट करूनहि पाणी पांचपट झालें नसतें.

या सगळ्या आंकड्यांत एक गोष्ट सहसा कोणी मांडीत नाहीं. ट्रक उभा राहिला तर त्याचें भाडें चढतें, डबा उभा राहिला तर दंड चढतो, फोर्कलिफ्ट उभें राहिलें तर कर्जाचें व्याज चढतें. म्हणून या तिघांचें थांबणें हिशेबांत येतें. हमालाची मजुरी पोत्यावर असते. दारापाशीं गाडी धरून तो अर्धा तास उभा राहिला तर मालकाच्या वहींत कांहीं चढत नाहीं. तो अर्धा तास हमालाच्या घरून जातो. शेतकरी ट्रॉलीखालीं रात्र काढतो तीहि कोणाच्या खर्चांत पडत नाहीं. सबब, ज्यांचें थांबणें फुकट त्यांनाच थांबविणारी व्यवस्था हिशेबाला काटकसरीची दिसते. दहा गाड्यांचा तो पहिला हिशेब नुसता चुकीचा नव्हता. कोणाला तरी तो सोईचाहि होता.

हमालाच्या पाठीचा विचार कायद्यांत येण्यासहि वेळ लागला. एक क्विंटलाचें पोतें पाठीवरून वाहणें ही एके काळीं रोजची गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं माणसानें वाहावयाच्या ओझ्याबद्दल करार केला, आणि त्याच्या सोबतच्या शिफारशींत प्रौढ पुरुषास पंचावन्न किलो ही कमाल मर्यादा सुचविली. महाराष्ट्रांत अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडी कामगारांची चळवळ उभी केली आणि १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. पोतें शंभराचें पन्नासावर आलें म्हणजे खेपा दुप्पट होतात, हें खरें. परंतु गाडीवर चार कट्टे सुखानें बसतात, दोघांनी उचलावयाचें ओझें हलकें होतें, आणि संध्याकाळच्या खेपेला सकाळइतकाच वेळ लागतो. दिवस उतरतांना खेप लांबत जाते, हें घड्याळ घेऊन उभें राहिल्याशिवाय कळत नाहीं.

तेव्हां वखारीच्या व्यवस्थापकानें एकदां घड्याळ घेऊन उभें राहावें. कोणत्या दिवशीं, हाहि प्रश्न आहेच. लातुरास सोयाबीन दिवाळीच्या सुमारास, तूर संक्रांतीनंतर. नांदेडची हळद त्याहि पुढें, उन्हाळ्याच्या तोंडीं. आणि खत मृगाच्या आधीं, तेंहि आंत येतें गाडीनें आणि बाहेर जातें वीस-तीस गोण्यांच्या किरकोळ खेपांनीं. दोन शहरांत अंतर दीडशें किलोमीटरांहून कमी आणि गर्दीचे महिने कांहींसे वेगळे. दोहोंकडे वखारी असणाऱ्यानें यंत्रें दोहोंकडे विकत घेण्यापूर्वीं तीं हलवितां येतील काय हें पाहावें. मोजणी सुरू करावयाची ती लक्ष्मीपूजनाच्या आधल्या आठवड्यांत, दुपारीं दोन वाजतां. आणि घड्याळ चालू करावयाचें तें पहिली हातगाडी हलल्यावर नव्हे, तर शेतकऱ्याची ट्रॉली फाटकाबाहेरच्या रांगेंत येऊन उभी राहिल्यावर.